थायलंडात बाहेर खाताना ताटाआधी बाटलीकडे बघा

बँकॉकच्या पहिल्याच रात्री आम्ही फसलो. हॉटेलच्या गल्लीत एक बाई कढई घेऊन बसली होती. समोर कोबी, गाजर, बेबी कॉर्न, चवळीच्या शेंगा असं सगळं चिरून मांडलेलं. सासूबाईंनी बोटाने एकेक भाजी दाखवली, बाईने हसून मान डोलावली आणि आमच्या डोळ्यांदेखत मोठ्या आचेवर भात परतला. मटणाचा तुकडा नाही, अंडं नाही, सगळं कसं स्वच्छ. शेवटी तिने एक बाटली उचलली आणि तपकिरी पाण्याची धार कढईत सोडली. वाफ वर आली तशा सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. "अगं, बोंबील वाळत घातल्यासारखा वास येतोय!"

वास बरोबर ओळखला होता. ती नाम प्लाची बाटली होती, म्हणजे मासे आणि मीठ महिनोन् महिने मुरवून काढलेलं पाणी. बाईने फसवलं नव्हतं हो. तिच्या लेखी ते मीठच. आपण भाजीत मीठ घातलं हे कुणाला वेगळं सांगतो का?

थायलंडमधला आपला सगळा गोंधळ इथे आहे. आपण ताटात मांस शोधतो आणि मासा बाटलीत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की शाकाहारी माणूसही तिथे पोटभर आणि चवीने जेवू शकतो, आणि मासे खाणाऱ्याची तर चंगळ आहे. आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत. सासूबाई अंडंही न खाणाऱ्या, नवरा अलिबागकडचा, नऊ वर्षांची मुलगी तिखट पाहिलं की रडणारी, आणि मी मधली. या चौघांना घेऊन बँकॉकमध्ये आणि इतरत्र जेवताना जे कळलं ते क्रमाने सांगते.

निघण्याआधी: बाटल्या आणि डबे ओळखा

नाम प्ला सगळीकडे असते, पण ती एकटी नसते. परतलेल्या भाजीत नाम मन हॉय जातं, ते कालवांचं सॉस. नाळीची भाजी (तिथे फाक बुंग) लसूण-मिरची घालून झणझणीत परततात, दिसायला शंभर टक्के शाकाहारी, पण त्यात हे सॉस हमखास असतं. हिरव्या आणि लाल करीच्या वाटणात कापि असते. ही कोलंबीच्या जातीच्या बारीक जिवांची मुरवलेली चटणी, आपल्या जवळ्याची थाई बहीण म्हणा. त्यामुळे नारळाच्या दुधातली टोफूची हिरवी करी मागवली तरी वाटणातून जवळा आत शिरलेलाच असतो. पाद थाय या परतलेल्या नूडल्समध्ये चिंच आणि ताडगुळाबरोबर सुकट पडते. नूडल्सच्या रश्श्याचं पाणी बहुतेक वेळा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं. या यादीत चालण्यासारखी बाटली एकच, सोयाबीनची, म्हणजे सी इव.

भारतातून जाणाऱ्या आणि मांस खाणाऱ्या, पण गाय-डुक्कर वर्ज्य असणाऱ्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की डुक्कर हे तिथलं रोजचं मांस आहे. वेगळं सांगितलं नाही तर खिमा डुकराचाच समजा. छोट्या वाट्यांत मिळणाऱ्या 'बोट नूडल्स' चवीला प्रसिद्ध आहेत, त्यांचा रस्सा दाट होतो तो रक्ताने. खाणाऱ्याने खुशाल खावं, पण माहीत असून खावं.

आठ-दहा शब्द, पण उच्चारासकट

इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला थाई भाषेतले क-ख, प-फ, त-थ वेगळे काढताना घाम फुटतो. आपल्याला ते पाळण्यातच मिळालेले असतात.

थाईमध्ये 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. पहिल्या दिवशी मुलगी हे ऐकून इतकी हसली की नंतर प्रत्येक टपरीवर "काय खाय?" म्हणायची. विनोद सोडा, पण अंडं नको असेल तर 'माय साय खाय' असं ख वर जोर देऊन म्हणा. ख च्या जागी क निसटला तर अंडं येईल आणि कोंबडी जाईल. दुसरी जोडी फेत आणि पेतची. 'फेत' म्हणजे तिखट, 'पेत' म्हणजे बदक. 'माय फेत' म्हणजे तिखट नको. यातला फ फणसातला, दोन्ही ओठ मिटून काढायचा. फॅनमधला नव्हे.

'माय साय' म्हणजे 'घालू नका', आणि त्यापुढे हवी ती वस्तू जोडायची: माय साय नाम प्ला, माय साय कापि, माय साय नाम मन हॉय. प्राण्यांची नावं थोडी लक्षात ठेवा. मू म्हणजे डुक्कर, प्ला मासा, कुंग कोलंबी, पू खेकडा, हॉय शिंपल्यातलं काहीही. 'नुआ' या शब्दाशी मात्र जपून. नुसतं नुआ म्हटलं की दुकानदाराच्या मनात बीफ येतं. "नुआ नको" म्हणालात तर तो प्रेमाने कोंबडी घालेल. कुठल्याच प्राण्याचं मांस नको असेल तर 'नुआ सात' म्हणा. हा 'सात' म्हणजे संस्कृतातलं सत्त्व, तिकडे त्याचा अर्थ प्राणी.

असे ओळखीचे चेहरे बरेच भेटतात. हॉटेलच्या पाटीवरचं 'रान आहान' यातलं आहान म्हणजे आपला आहार. फळाला 'फोनलमाय', त्यात फल आहेच. आणि शाकाहारासाठीचा शब्द 'मांगसविरात', म्हणजे चक्क मांस-विरति.

पण एवढा संस्कृत शब्द असूनही त्यावर विसंबू नका. मांगसविरात म्हटल्यावर अंडं आणि दूध चालतं असं धरतात, आणि पुष्कळदा नाम प्लाही. तुमच्या कामाचा शब्द दुसराच आहे.

जे: हा एक शब्द तिकिटाइतका जपून न्या

'जे' हा चिनी परंपरेतून आलेला आहारनियम. (उच्चार ज आणि च यांच्या मधला.) त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, म्हणजे नाम प्ला आणि कापिही नाही. शिवाय कांदा, लसूण, पातीसारख्या उग्र वासाच्या वस्तूही नाहीत. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. जैन मंडळींना मात्र अर्धाच दिलासा आहे, कारण बटाटा, गाजर, मुळा, मशरूम हे सगळं जे मध्ये चालतं.

'किन जे' म्हणजे मी जे खातो किंवा खाते. शेवटी पुरुषांनी 'खप' आणि बायकांनी 'खा' जोडायचं, ते आपलं 'हो' किंवा 'बरं का' म्हणण्यासारखं आदराचं शेपूट. सासूबाई दोन दिवसांत "किन जे खा" असं ठसक्यात म्हणायला लागल्या. मराठीत ऐकणाऱ्याला वाटावं की ही बाई दुकानदारालाच जेवायला बसवतेय.

जे ची खूण म्हणजे पिवळ्यावर लाल अक्षर. इंग्रजीतला सतरा हा आकडा जरा वळणदार लिहिला तर जसा दिसेल तसं ते दिसतं. दुकानावर पिवळी झेंडी, पाकिटावर पिवळा ठिपका. जाण्याआधी या अक्षराचं चित्र फोनमध्ये घेऊन ठेवा. त्याच्याच शेजारी थाई लिपीत एक वाक्य ठेवा: "मी जे खाते, नाम प्ला, कापि, अंडं आणि कालवाचं सॉस चालत नाही." भाषांतराच्या अ‍ॅपवर करून पडद्याचं चित्र काढलं की झालं, नेट नसलं तरी अडत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ही चिठ्ठी दुप्पट महत्त्वाची. तोंडी सांगायचं तर 'फे थुआ लिसोंग'.

जे च्या दुकानात एक धक्का बसू शकतो. काचेमागे भाजलेलं बदक, डुकराची चरबीदार पट्टी, मासा असं सगळं टांगलेलं असतं आणि ते सारं सोयाबीन, गव्हाचं सत्त्व आणि मशरूमचं. इतकं हुबेहूब की सासूबाईंनी ते खायला साफ नकार दिला. "दिसतंय तेच नको." त्यांच्यासाठी टोफू आणि मशरूमची भाजी घेतली.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जे चा नऊ दिवसांचा उत्सव असतो. कित्येक वर्षी तो आपल्या नवरात्राबरोबरच येतो. २०२३ मध्ये तर दोन्ही १५ ऑक्टोबरलाच सुरू झाले. त्या दिवसांत बँकॉकचा याओवारात हा चायनाटाउनचा भाग पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो आणि रस्त्यावरचे निम्मे पदार्थ आपल्यासाठी मोकळे होतात. फुकेतचा उत्सव सर्वात मोठा, पण तिथल्या मिरवणुकीत भाविक गालातून सळया आरपार घालतात. लहान मुलं बरोबर असतील तर जेवण करा, मिरवणूक टाळा. शाकाहारी असाल आणि तारखा हातात असतील तर सहल या नऊ दिवसांत बसवा. उलट १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षाच्या सणात, छोटे दुकानदार गावी जातात आणि गल्लीतल्या टपऱ्या बंद मिळतात.

पहिलं जेवण मॉलच्या फूडकोर्टात

रस्त्यावर उतरण्याआधी एक जेवण फूडकोर्टात करा. आपल्याकडे मॉलचं फूडकोर्ट म्हणजे महाग आणि बेचव अशी समजूत असते, तिकडे ते नोकरदारांचं रोजचं जेवण आहे. बँकॉकमध्ये असोक स्टेशनाला लागून असलेल्या टर्मिनल २१ या मॉलच्या पाचव्या मजल्यावरचं 'पिअर २१' मला सर्वात सोयीचं वाटलं.

तिथली पद्धत अशी. आधी काउंटरवर रोख पैसे देऊन कार्ड घ्यायचं. चौघांना ४०० बाट पुरतात. मग स्टॉल हिंडायचे, चित्र किंवा मांडलेला पदार्थ दाखवायचा, कार्ड टेकवायचं, ताट उचलायचं. चमचे आणि गरम पाण्याचं भांडं बाजूला असतं, चमचा त्यात बुडवून घ्यायचा. उरलेले पैसे निघताना काउंटरवर परत मिळतात, ते त्याच दिवशी घ्या. एक ताट साधारण ४० ते ७० बाट. बाटचे रुपये करताना सरळ तिनाने गुणा. थोडं जास्त येतं, पण खर्चाचा अंदाज चुकत नाही.

इथे सगळे पदार्थ शांतपणे बघता येतात, कुणी मागे लागत नाही. मोठ्या फूडकोर्टांत बहुधा जे चा एक स्टॉल असतो, पिवळी पाटी शोधा. मुलीला मसामान करी द्या असं मी कुणालाही सांगेन. मुसलमानी वळणाची, दालचिनी-वेलदोडा, बटाटा, शेंगदाणे घातलेली, नारळाच्या दुधातली गोडसर करी. आपल्या जिभेला ती परकी वाटत नाही. तोम याम हे आंबट-तिखट सूप घेतलंत तर त्यातले गवती चहाचे दांडे, कोळिंजनाच्या चकत्या आणि लिंबाची जाड पानं चावायची नसतात, ती वासापुरती. नवऱ्याने पहिल्यांदा सगळं चावून खाल्लं आणि "चिवट आहे" म्हणाला. कोलंबीच्या याच तोम यामला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

टेबलावर चार भांड्यांचा एक संच दिसेल: साखर, सुक्या मिरचीची पूड, मिरच्या घातलेली नाम प्ला आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर. तिथली माणसं नूडल्सच्या रश्श्यात साखरसुद्धा घालतात. जेवण चमच्याने होतं, काटा डाव्या हातात फक्त घास ढकलायला. चॉपस्टिक रश्श्याच्या नूडल्सपुरत्या. चिकट भात मात्र खुशाल हाताने, तिथे आपण तरबेज आहोतच.

दुसऱ्या दिवशी गल्लीत

गल्लीतली दुकानं मला दोन प्रकारची दिसली, आणि शाकाहाऱ्याने हा फरक ओळखायलाच हवा.

एक 'खाव केंग'. काचेमागे परातींमध्ये तयार भाज्या-करी, बोट दाखवा, भातावर दोन डाव घेऊन बसा. मांसाहाऱ्यांसाठी उत्तम, स्वस्त आणि झटपट. पण पदार्थ सकाळीच शिजलेले असतात, आता कापि काढून टाकता येत नाही. म्हणून शाकाहाऱ्याने इथे फक्त जे चं दुकान असेल तरच बसावं. शिवाय दुपारी दोननंतर पराती रिकाम्या होतात.

दुसरं 'आहान ताम सांग', म्हणजे मागाल तसं करून देणारं. एक कढई, एक माणूस, समोर कच्चा माल. तुमचं दुकान हे. 'खाव फात जे' म्हटलं की जे पद्धतीचा परतलेला भात, 'फात फाक जे' म्हटलं की भाज्या. कढई तीच असते, ती विसळून घ्या अशी खूण केली तर बहुतेक जण हसून विसळतात. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी फक्त जे ची दुकानंच धरावीत, मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही.

मांसाहाऱ्यांनी इथे फात कफ्राव मागवावं. खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर कफ्राव, वर कडेला कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. कफ्राव म्हणजे तुळस, अंगणातल्या वृंदावनातलीच जात. सासूबाईंना मी हे तिथे सांगितलं नाही. पुण्याला परतल्यावर सांगितलं, तरी त्या दोन दिवस गप्प होत्या.

दुकानदाराला हाक मारताना वयाने मोठी वाटली तर 'फी', लहान वाटला तर 'नोंग'. आपण ताई-दादा म्हणतो तसंच. बिलासाठी 'चेक बिन'.

सोम ताम समोर उभं राहून

हा कच्च्या पपईचा पदार्थ बघत बघत घ्यायचा असतो. उंच मातीचा खल, लाकडी मुसळ, दुसऱ्या हातात चमचा. आधी लसूण-मिरची कुटतात, मग चवळीच्या शेंगा, टोमॅटो, ताडगूळ, लिंबू. नंतर कच्च्या पपईचा लांब कीस. मुसळ खाली जातं तेव्हा चमचा खालून वर उलथतो, आणि पोक-पोक असा पोकळ आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. कुटून लगदा करायचा नसतो, कीस फक्त ठेचला जातो म्हणजे रस आत शिरतो. शेंगदाणे शेवटी. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर कोशिंबीर, फक्त खलातली."

प्रत्येक ताट वेगळं कुटतात, त्यामुळे सुकट आणि नाम प्ला गाळायला सांगता येतं. मिठासाठी सी इव घालायला सांगा. मात्र 'प्ला रा' असलेला प्रकार नको म्हणून खात्री करा. ती मुरवलेल्या गोड्या पाण्यातल्या मासळीची, नाम प्लाहून कितीतरी उग्र गोष्ट आहे, आणि तिचा वास त्याच खलात राहतो. कडक शाकाहाऱ्याने खल धुऊन घ्यावा.

मिरचीचं माप इथे बोटांवर सांगायचं असतं. 'फ्रिक मेत दियाव' म्हणजे एकच मिरची. कोल्हापूरकरांनो, हा प्रांत तुमच्या अभिमानाचा नाही. तिथल्या बारीक मिरचीचं नाव 'फ्रिक खी नू', शब्दशः उंदराच्या लेंड्या, आणि ती लवंगीलाही गप्प करते. आपला तिखटपणा तेलातून, हळूहळू येतो. हा कच्चा असतो आणि लिंबाबरोबर थेट कानात जातो. माझ्या नवऱ्याने चार सांगितल्या. नंतरची दहा मिनिटं तो ताटाशी बोलला नाही, आमच्याशीही नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी, आणि एक सावधगिरी

कोकणातून आलेल्यांनी मेन्यूवरच्या इंग्रजी नावांना बिचकू नये. 'सी बास' म्हणून जो 'प्ला कपोंग' मिळतो तो आपला जिताडा. लिंबू, लसूण आणि मिरचीच्या पातळ रसात अख्खा वाफवतात, खाली मेणबत्तीची धग ठेवून माशाच्याच आकाराच्या ताटात आणतात. रायगडकडच्या माणसाला तो तिखलं-सारापेक्षा वेगळा लागेल, पण नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवला यातच सगळं आलं. बाजारात बांबूच्या टोपल्यांत मान दुमडून ठेवलेली छोटी वाफवलेली मासळी दिसली तर ती 'प्ला थू', बांगड्याची चुलत बहीण. तळून कापिच्या तिखट चटणीबरोबर, उकडलेल्या भाज्या लावून खातात. हे ज्याला आवडलं त्याला थायलंड कळलं असं मी समजते. हे सगळं एका छताखाली बघायचं असेल तर चतुचाक बाजाराजवळचा ओर तोर कोर बाजार गाठा, कामफेंग फेत हे मेट्रो स्टेशन दाराशीच आहे. इतर बाजारांपेक्षा महाग, पण स्वच्छ आणि माल देखणा.

आता सावधगिरी. समुद्रकाठच्या एका हॉटेलात आम्ही बर्फावरची कोलंबी बोटाने दाखवली, पाटीवर १८० लिहिलं होतं. बिल आलं तेव्हा कळलं की १८० हा भाव एका 'खीत'चा होता. खीत म्हणजे १०० ग्रॅम. कोलंबी सातशे ग्रॅम भरली होती. भांडायला जागा नव्हती, पाटीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंच होतं. तेव्हा वजनावर विकल्या जाणाऱ्या मासळीचा भाव कशाचा ते विचारा, समोर वजन करून घ्या, फोनवर एकूण आकडा लिहून घ्या, मगच 'हो' म्हणा.

दुसरा खड्डा म्हणजे मेन्यूतल्या किमतीपुढची दोन अधिक चिन्हं. त्याचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर सात टक्के कर वेगळा. ५०० बाटचा पदार्थ साडेपाचशे होतो आणि कर धरून ५८८ च्या पुढे जातो. सेवाशुल्क घेतलं असेल तर वर टिप द्यायची गरज नाही. छोट्या जागी सुटे ठेवले तरी पुरे, टपरीवर तेही नाही.

वरणभाताची हुक्की आली तर

चौथ्या-पाचव्या दिवशी ती येतेच. बँकॉकमध्ये प्रतुनाम, सुखुमवितच्या गल्ल्या आणि फाहुरात इथे भारतीय हॉटेलं आहेत, पत्ताया आणि फुकेतच्या पातोंगलाही रांगेने आहेत. बहुतेक ठिकाणी पंजाबी वळणाचं जेवण, आणि त्या पैशांत थाई जेवण दोन-तीनदा झालं असतं. सहल कंपनीबरोबर गेलात तर रोज रात्री हेच ताट समोर येईल. माझं मत विचाराल तर निदान दोन रात्री त्यातून सुटका करून घ्या. नदीवरच्या बोटीतल्या बुफेबद्दल एवढंच सांगते की नदी सुंदर आहे, जेवण जमिनीवर करा.

फाहुरातला गेलात तर तिथला गुरुद्वारा पाहा. सकाळी लंगर असतो, डोकं झाकायला रुमाल न्या आणि पान वाढून घेतलं तेवढं संपवा.

ज्यांना एखादी रात्र खास करायची आहे त्यांच्यासाठी एक ओळखीचं नाव: गरिमा अरोरा. मुंबईत वाढलेली ही शेफ. तिच्या बँकॉकमधल्या 'गा' या रेस्टॉरंटमुळे मिशलिन स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिथे आधी जागा राखावी लागते आणि खिसा जड लागतो. दुसऱ्या टोकाला जे फाय या आजी. (हा जे वेगळा, शाकाहाराशी संबंध नाही.) डोळ्यांवर बर्फात घालतात तसला चष्मा लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट तळतात, त्यावर स्टार मिळवलाय. एका ऑम्लेटला हजार बाटच्या वर मोजावे लागतात आणि रांगेत तास जातात. आम्ही रांग पाहिली आणि पुढे चालू लागलो.

संध्याकाळी याओवारात

चायनाटाउनचा हा रस्ता अंधार पडल्यावर जागा होतो. मेट्रोचं वाट मांगकोन स्टेशन जवळचं. सोमवारी बऱ्याच गाड्या नसतात, तो वार सोडा. चौघांनी चार ताटं मागवण्याची चूक करू नका. एकच घ्या, वाटून खा, पुढच्या गाडीकडे सरका. गर्दी आणि कढईतली वाफ या दोन खुणा बघून थांबायचं, आधीच तळून ठेवलेल्याकडे वळायचं नाही.

केळं घालून वर कंडेन्स्ड मिल्क सोडलेली रोटी मुलं सोडत नाहीत. ही रोटी आपल्याच उपखंडातून तिकडे गेली. केळ्याबरोबर बहुधा अंडं फोडतात, तेव्हा 'माय साय खाय' आठवा. आंबा आणि चिकट भात एप्रिल-मेमध्ये खावा, तोच खरा हंगाम. त्यांचा 'नाम दोक माय' आंबा नितळ आणि गोड असतो. हापूसशी तुलना करू नका, भांडण होईल. वरून नारळाचं खारट-गोड दूध ओततात, ते खारटच असतं, बिघडलेलं नसतं.

फळांच्या गाडीवर कैरी आणि पेरूबरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी मिळते, शाळेबाहेरची आठवण येते. मँगोस्टीन जरूर घ्या. हे कोकमाच्याच कुळातलं फळ आणि सालीचा डागही तसाच पक्का, हॉटेलच्या चादरीवर खाऊ नका. उग्र वासाचा दुरियन हॉटेलात आणि मेट्रोत नेता येत नाही. खायचा तर गाडीजवळ उभं राहून.

बारीकसारीक

पाणी बाटलीचंच. मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. नारिंगी रंगाचा थंड चहा दाताला कळ येईल इतका गोड, म्हणून 'वान नॉय', गोड कमी, असं आधीच सांगा. टपऱ्यांवर रोकड लागते. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा.

कोपऱ्याकोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन रात्री-अपरात्री उपयोगी. केळी, सोयाचं दूध, पिवळ्या ठिपक्याची जे पाकिटं तिथे मिळतात. दह्याने मात्र आम्हाला दगा दिला. मुलीसाठी साधा भात आणला, त्यात दही कालवलं, मीठ घातलं, आणि तिने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. दही गोड होतं. तिथलं साधं म्हणून विकलं जाणारं दहीसुद्धा पुष्कळदा साखर घातलेलं असतं, कधी जिलेटिनही असतं. लेबलवर साखरेचे ग्रॅम बघून घ्या, किंवा दहीभाताचा नाद सोडा.

परतताना करीच्या वाटणाची पाकिटं आणणार असाल तर तिथेही पिवळी खूण बघा, नाहीतर जवळा पुण्यापर्यंत येतो. वाटण विमानतळावर द्रवपदार्थात धरतात, १०० मिलीच्या वरचं हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाका. बाटली असेल तर झाकणाला चिकटपट्टी लावा आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा. आमच्या ह्यांनी नाम प्लाची बाटली एकाच पिशवीत ठेवली होती, आणि नेमकी सासूबाईंच्या साड्यांच्या बॅगेत.